सहा महिन्यांनंतर काय? मानसिक आरोग्यातली दरी आणि त्यावरचं संशोधन

कडेकडेने

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मी काही वर्षं नैराश्यावरच्या एका समुपदेशन-चाचणीत पर्यवेक्षक होते. म्हणजे काय, तर प्रश्नावली भरून घेणाऱ्या मुलींच्या मागे वही घेऊन हिंडायचं, राहून गेलेले रकाने शोधायचे आणि "परत कधी येणार?" या प्रश्नाला दर वेळी गुळमुळीत उत्तर द्यायचं. संस्था कोणती, जागा कुठली हे लिहिणार नाही, कृपया विचारू नका.

आधी दरी केवढी आहे ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ९७ कोटी लोकांना कुठला ना कुठला मानसिक विकार होता, म्हणजे दर आठांत एकाला. सायकोसिससारखा, म्हणजे भास-भ्रम होणारा, गंभीर आजार घ्या. श्रीमंत देशांत अशा १०० पैकी ७० जणांपर्यंत उपचार पोचतात, गरीब देशांत १२ जणांपर्यंत. सरकारं आरोग्यावर खर्च करतात त्यातला साधारण दोन टक्के वाटा मानसिक आरोग्याला मिळतो.

डॉक्टर कमी आहेत, मग करणार काय, असं म्हणून विषय मिटवता आला असता. पण काय करता येतं हे आपल्याला वीस वर्षांपूर्वीच कळलंय. २००२ मध्ये युगांडाच्या ३० खेड्यांत एक चाचणी झाली. तिथल्याच माणसांना थोडं प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी नैराश्य असलेल्या बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे गट चालवले. दर आठवड्याला दीड तास, असे १६ आठवडे. शेवटी गटात बसलेल्यांपैकी ६.५ टक्के लोक नैराश्याच्या निकषात उरले. ज्यांच्या खेड्यात गट नव्हते त्यांच्यात ५४.७ टक्के. २००८ मध्ये पाकिस्तानातल्या रावळपिंडीजवळच्या ग्रामीण भागात लसीकरण-पोषणाचं काम करणाऱ्या 'लेडी हेल्थ वर्कर' बायकांनीच गरोदर आणि बाळंतीण बायकांशी ठरलेल्या पद्धतीने बोलायचं काम केलं. सहा महिन्यांनी नैराश्य ज्यांना हे मिळालं त्यांच्यात २३ टक्के, तुलनेच्या गटात ५३. असे निकाल नंतर अनेक ठिकाणी आले.

मग वीस वर्षांनीही आकडा १२ वरच का रेंगाळतो? माझं मत असं की उपचार लागू पडतो का, हे आपण पुन:पुन्हा सिद्ध करत बसलोय. चाचणी संपल्यावर तो टिकतो कसा, पगार कोण देतं, ती बाई तिथे राहते का, हा अभ्यास कुणाला नको आहे. तुम्हाला काय वाटतं?

रुमालछाप

रुमाल टाकून ठेवतोय. सावकाश वाचून लिहितो.

शून्य_गृहीतक

धागा चांगला आहे, पण आकड्यांबाबत थोडी आडकाठी घालतो, माझा धंदाच तो.

युगांडाच्या चाचणीत तुलनेच्या गटाला गट-उपचार मिळालाच नव्हता. एका बाजूला दर आठवड्याला दीड तास कुणीतरी ऐकून घेतंय, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. फरक मोठा दिसणारच. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही, पण त्यातला किती त्या विशिष्ट पद्धतीचा आणि किती नुसत्या सोबतीचा, हे त्यातून सुटं करता येत नाही.

दुसरं, पाकिस्तानातलाच तो कार्यक्रम पुढे आरोग्यसेविकांऐवजी शेजारच्याच, स्वतः आई असलेल्या बायकांकडून तिथे आणि गोव्यात राबवून पाहिला. २०१९ मध्ये निकाल आले तेव्हा पाकिस्तानात सहा महिन्यांनी ठळक फरक दिसला नाही, गोव्यात दिसला तो माफक. म्हणजे 'कुणीही शिकवलं की जमतं' इतकं ते सोपं नाही.

बाकी पैशांच्या मुद्द्याला +१. मानसिक आरोग्यावरच्या संशोधनासाठी जगभर जो निधी जातो त्यातला कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत खर्च होणारा भाग २०१५ ते २०१९ या काळात अडीच टक्क्यांच्याही आत होता. जगातली बहुसंख्य माणसं तिथे राहतात. मानसशास्त्राच्या आघाडीच्या नियतकालिकांचंही तेच. २००३ ते २००७ मधल्या प्रयोगांत सहभागी झालेले ९६ टक्के लोक अशा देशांतले, जिथे जगाची १२ टक्के लोकसंख्या होती. आणि 'माणसाचं मन असं चालतं' हे निष्कर्ष मात्र सगळ्यांसाठी.

जालीम_उपाय

नेहमीचं रडगाणं. माणसाकडे पैसे नाहीत म्हणून तो खचलाय आणि आपण त्याला श्वासाचे व्यायाम शिकवतोय.

केनियात हे समोरासमोर तपासून झालंय. काही घरांना थेट रोख रक्कम दिली, काहींना पाच आठवड्यांचं समुपदेशन, तेही जागतिक आरोग्य संघटनेनेच आखलेलं. वर्षभराने रोख मिळालेल्यांचा खर्च, मालमत्ता आणि मनःस्थिती तिन्ही सुधारलेली. समुपदेशनवाल्यांत मोजण्याजोगा काहीच फरक नाही. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना रोख मदत सुरू झाली तिथे आत्महत्यांचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी उतरलं. श्रीलंकेचं यश तर समुपदेशनाचंही नाही आणि पैशांचंही नाही. १९९५ पासून एकेक करत सर्वांत जहाल कीटकनाशकं बाजारातून काढली आणि पुढच्या वीस वर्षांत आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला.

गरिबी आणि धोरण बदला, बाकी संशोधन ही संशोधकांची रोजगार हमी.

शून्य_गृहीतक

@जालीम, केनियाचा अभ्यास अर्धाच सांगताय. तिथले सहभागी नैराश्य किंवा ताण आहे म्हणून निवडलेले नव्हते, सरसकट गावातले लोक होते. ताप नसलेल्याला तापाची गोळी दिली आणि ताप उतरला नाही म्हणून गोळीला बोल लावायचा का? रोख रकमेचं तसं नसतं, ती कुणालाही उपयोगीच.

आणि उलट दिशेचा पुरावाही आहे. रावळपिंडीच्या त्याच बायकांना सात वर्षांनी परत गाठलं तेव्हा ज्यांना उपचार मिळाले होते त्यांच्यात नैराश्य अजूनही कमी होतं आणि घरातल्या पैशांवर त्यांची पकड जास्त होती. लायबेरियात गुन्हेगारीच्या कडेला असलेल्या ९९९ तरुणांवर प्रयोग झाला. काहींना आठ आठवडे वर्तन-उपचार, काहींना रोख, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. दहा वर्षांनंतरही हिंसा-चोरीत टिकून राहिलेली सर्वांत मोठी घट 'दोन्ही'वाल्यांत होती. पैसे की बोलणं, हा वादच चुकीचा मांडलाय.

श्रीलंकेचं मात्र मान्य. पण ते मरण टाळण्याचं यश आहे. दुःख त्यामुळे कमी झालं असं त्यातून म्हणता येत नाही.

जालीम_उपाय

हम्म. सहभागी कसे निवडले ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. श्रीलंकेवर ठाम आहे.

निवृत्तबाई

कडेकडेने, एक बाळबोध प्रश्न. ती प्रश्नावली असते तरी कशी? आणि परक्या माणसाला कुणी खरं सांगतं का?

कडेकडेने

निवृत्तबाई, बाळबोध कसला, कळीचा प्रश्न आहे.

आमच्याकडे पीएचक्यू-९ होती. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, आणि उत्तरं चारच: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्य ते तीन गुण, एकूण २७. सहसा दहा किंवा त्याहून जास्त झाले की नैराश्याची दखल घ्यायची.

कागदावर सोपं दिसतं. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की 'निम्म्याहून जास्त दिवस' हे उत्तर कुणी देतच नाही. लोक 'नाही' म्हणतात नाहीतर 'रोजच की!' म्हणतात. मग आमच्यातल्या एकीने चौदा खडे पिशवीत ठेवायला सुरुवात केली. समोर ओतायचे आणि म्हणायचं, हे चौदा दिवस, यातले वाईट गेले ते बाजूला काढा. एक बाई खडे हाताने चाचपत बसली, मग सगळे स्वतःकडे ओढले, आणि थोड्या वेळाने एक परत ढकलला. "त्या दिवशी बहीण आली होती."

आता सहावा प्रश्न. आपण अपयशी आहोत, घरच्यांना खाली पाहायला लावलं, असं वाटतं का? हा विचारला की एक बाई चक्क हसली. म्हणाली, "माझ्या हातात होतं काय, म्हणून मी अपयशी?" आम्ही शून्य टाकला. नियमाप्रमाणे बरोबर. पण त्या वाक्यात जेवढी निराशा होती तेवढी बाकीच्या आठ उत्तरांत मिळून नव्हती. ती नवाच्या आत राहिली आणि चाचणीत घेता आली नाही. मी फॉर्मवर समासात लिहून ठेवलं होतं. समास कुणी संगणकात भरत नाही.

खरं सांगतात का, तर हो, बऱ्याचदा. परकेपणाचा उलट फायदाच होतो. ओळखीच्यांना सांगण्याचीच चोरी असते.

पायवाट

खड्यांचं वाचून थबकले.

शब्दांच्या बाबतीत युगांडाच्याच लोकांनी आधी एक शहाणपणा केला होता, तो फार कमी सांगितला जातो. चाचणीपूर्वी त्यांनी गावात जाऊन विचारलं, तुमच्याकडचे मोठे त्रास कोणते? तेव्हा 'योक्वेक्यावा' आणि 'ओक्वेकुबाझिदा' असे दोन स्थानिक शब्द मिळाले, साधारण स्वतःचा तिटकारा आणि स्वतःची कीव अशा अर्थाचे. दोन्हींची लक्षणं नैराश्याशी बरीच जुळणारी. लोकांच्या शब्दांवरून सुरुवात करून मग मोजमाप ठरवलं. झिम्बाब्वेत शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अति विचार करणं. आपण 'डोकं फिरायची वेळ आलीय' म्हणतो तेव्हा साधारण तिथेच असतो.

झिम्बाब्वेची गोष्ट राहिलीच की. हरारेत डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाची एक तरुण रुग्ण आत्महत्येने गेली. रुग्णालयापर्यंत यायला बसभाड्याचे पैसे घरच्यांकडे नव्हते. २००६ मध्ये त्याने १४ आज्यांना हाताशी धरलं, दवाखान्याच्या आवारात बाकडं टाकलं आणि त्यावर बसून बोलायला शिकवलं. त्याने आधी ठेवलेल्या नावात 'मानसिक आरोग्य' होतं. आज्या म्हणाल्या, असल्या नावाच्या बाकावर कोण येऊन बसेल? म्हणून 'फ्रेंडशिप बेंच', मैत्रीचं बाकडं. २०१६ मध्ये २४ दवाखान्यांतल्या ५७३ लोकांवरच्या चाचणीचे निकाल आले. सहा महिन्यांनी लक्षणांचा सरासरी गुणांक बाकड्यावर बसलेल्यांचा ३.८, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचा ८.९. नाव बदलायची सूचना कुठल्याही शोधनिबंधातून आली नव्हती, हे मला फार आवडतं.

ओपीडी_दहा_ते_दोन

मी मनोविकारतज्ज्ञ. सरकारी रुग्णालयात आहे, नावावरून वेळ कळलीच असेल.

हे सगळं वाचून आनंदही होतो आणि पोटात गोळाही येतो. आनंद अशासाठी की माझ्याकडे एका रुग्णाला सात-आठ मिनिटं मिळतात. त्यात झोप, भूक, गोळ्या आणि 'बाकी बरं?' एवढंच बसतं. कुणी प्रशिक्षित माणूस माझ्याआधी अर्धा तास बोलला असेल तर माझ्या आठ मिनिटांचं सोनं होतं. गोव्यात २०१७ मध्ये हेच दिसलं. बिगरडॉक्टर समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत प्राथमिक केंद्रावर उपचार केले आणि तीन महिन्यांनी बऱ्यापैकी तीव्र ते अतितीव्र नैराश्यातून ६४ टक्के लोक बाहेर आले. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९.

गोळा अशासाठी की 'आज्या करतात, मग डॉक्टर कशाला?' असं धोरण आखणाऱ्यांनी ऐकलं तर आमची भरायची राहिलेली पदं कायमची रिकामी राहतील. त्या समुपदेशकांच्या डोक्यावर देखरेख होती, दर आठवड्याला ध्वनिमुद्रणं ऐकून चर्चा व्हायच्या, अवघड रुग्ण वर पाठवायला जागा होती. प्रकल्पाचा हा अर्धा भाग बातमीत येत नाही. देखरेख काढली की उरतं ते भाषण.

आणखी एक, जो मला जास्त छळतो. गोव्यातच २०१० ची आधीची मोठी चाचणी होती, २४ दवाखाने, निम्मे सरकारी, निम्मे खासगी. सरकारी दवाखान्यांत समुपदेशक आल्यावर बरे होण्याचं प्रमाण सुमारे ४२ वरून ६६ टक्क्यांच्या घरात गेलं. खासगीत फरक शून्य, कारण तिथले लोक समुपदेशकाशिवायही तेवढेच बरे होत होते. ओळखीचा डॉक्टर, थोडा जास्त वेळ, यानेच असेल का ते? मला तरी तसंच वाटतं.

सावलीतला_माणूस

पहिल्यांदाच लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

इथे सगळे नैराश्याबद्दल बोलताय. माझ्या भावाला बावीस वर्षं स्किझोफ्रेनिया आहे. बाकड्यावर बसून बोलण्याने तो बरा होणार नाही. त्याच्यासाठी कोण संशोधन करतंय? आईनंतर मीच आहे. त्याला दाढदुखी झाली तेव्हा दंतवैद्याने "आधी तुमच्या डॉक्टरांचं पत्र आणा" म्हणून परत पाठवलं. पत्र मिळेपर्यंत नऊ दिवस त्याने एका बाजूने चावून काढले. तो बोलत नाही म्हणून कुणाला वाटतं दुखत नाही.

ओपीडी_दहा_ते_दोन

दादा, चुकलं काहीच नाही.

तुम्ही सांगितलेली दाढ ही आकडेवारीतली सर्वांत लाजिरवाणी ओळ आहे. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, आणि त्यातले बरेच मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे आजार अशा शारीरिक कारणांनी होतात. हे श्रीमंत देशांतही घडतं. तपासणारा माणूस लक्षण ऐकतो आणि 'हे त्याच्या डोक्यातलंच' म्हणून सोडून देतो.

संशोधन कमी आहे पण आहे. २०१४ मध्ये भारतात तीन ठिकाणी, साताऱ्यात, गोव्यात आणि तामिळनाडूत, स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर चाचणी झाली. स्थानिक कार्यकर्ते घरी जायचे: गोळ्या, आंघोळ-कपडे, कामाची सवय, घरच्यांशी बोलणं. वर्षभराने लक्षणं आणि परावलंबन थोडं कमी झालं. पण खरा फरक तामिळनाडूत दिसला, बाकी दोन ठिकाणी नाही. आणि लोकांकडून मिळणारी वागणूक कुठेच बदलली नाही.

घरी जाऊन केलेल्या कामाने घर बदलतं, दंतवैद्य बदलत नाही. पत्राचं म्हणाल तर असं पत्र मागायचं काहीच कारण नव्हतं. पुढच्या वेळी चालू गोळ्यांची यादी घेऊन जा आणि एवढंच सांगा की दुखतंय.

पायवाट

@सावलीतला_माणूस, दंतवैद्यासारखंच एक उदाहरण. इंग्लंडमध्ये सक्तीने मनोरुग्णालयात ठेवलं जाण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांत साडेतीन ते चार पट आहे. तिथे डॉक्टरही आहेत, पैसेही, तक्रारीला जागाही. म्हणजे 'गरीब देश विरुद्ध श्रीमंत देश' हा नकाशा अपुरा आहे, दरी एकाच रुग्णालयाच्या दोन दारांमध्येही असते. एका दारातून माणूस स्वतः चालत येतो, दुसऱ्यातून पोलिसांबरोबर.

रुमालछाप

वाचून झालं. सावकाश म्हणता म्हणता ही वेळ झाली.

जागतिक आरोग्य संघटनेने साठच्या दशकात नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास सुरू केला होता, आग्रा, नायजेरियातलं इबादान, कोलंबियातलं काली वगैरे ठिकाणी. तेव्हा विकसनशील देशांत रुग्ण जास्त चांगले सावरतात असा निष्कर्ष निघाला आणि एकत्र कुटुंबाचे गोडवे गायले गेले. पुढे २००८ मध्ये काही संशोधकांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासून दाखवलं की हे इतकं सरळ नाही. सावलीतला_माणूस यांच्यासारखे लोक घरात बावीस वर्षं काय काढतात ते तेव्हा कुणी फारसं मोजलं नव्हतं. कौतुक करणं स्वस्त पडतं.

निवृत्तबाई

आणि त्या आज्यांना मानधन किती मिळतं हो? लेडी हेल्थ वर्करला आधीची कामं होतीच ना? कुठलीही दरी भरायची म्हटली की शेवटी बाईच का उभी राहते, यावर कुणी चाचणी केली आहे का?

कडेकडेने

निवृत्तबाई, हाच माझ्या धाग्याचा गाभा होता आणि मी तो नीट लिहिलाच नव्हता.

विदर्भात अमरावतीच्या ३० गावांत एक काम झालं, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षात २७.२ झाले. शून्य_गृहीतक म्हणतील की तुलनेचा गट नव्हता, आणि ते बरोबरच आहे. पण निदान मोजलं काय ते पाहा: किती बरे झाले याऐवजी किती जणांपर्यंत पोचलो. दरीवर संशोधन करायचं तर हाच आकडा धरायला हवा, आणि पाच वर्षांनी परत त्याच गावात जाऊन तोच मोजायला हवा. निधी देणाऱ्यांच्या तक्त्यात पाच वर्षांनंतरचा रकाना सहसा नसतो.

आमच्याकडे समुपदेशक सहा होत्या. चाचणी संपली, निकाल चांगले आले, शोधनिबंध छापला गेला, पेढ्यांऐवजी प्रमाणपत्रं वाटली गेली. मानधन त्याच महिन्यात थांबलं. सरकारी यंत्रणेत त्यांना सामावून घेण्याबद्दल एक बैठक झाली, दुसरी झाली नाही. त्यातल्या दोघी आता दुकानात कामाला आहेत. एकीला अजून रात्री फोन येतात, तिचा नंबर लोकांकडे राहून गेला. ती उचलते. तिच्या डोक्यावर आता देखरेख नाही, वर पाठवायला जागा नाही, आणि डॉक्टरसाहेब म्हणाले तसं उरलंय ते... भाषण म्हणवत नाही मला, पण धोका तोच.

ओपीडी_दहा_ते_दोन

त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर जरूर जोडून द्या. आठवड्यातून एकदा अर्धा तास मी फोनवर अवघड रुग्णांची चर्चा करू शकतो. व्यक्तिगत निरोपात कळवतो.

सावलीतला_माणूस

कडेकडेने, खडे बाजूला काढणाऱ्या त्या बाईंचं पुढे काय झालं?

कडेकडेने

त्यांचा गुणांक १९ होता, म्हणून चाचणीत आल्या. सोडत निघाली ती तुलनेच्या गटाची. म्हणजे नेहमीचे उपचार, आणि नेहमीचे उपचार म्हणजे प्राथमिक केंद्रावर द्यायची एक चिठ्ठी. सहा महिन्यांनी गेलो तेव्हा १७. खडे परत ओतले होते, या वेळी दोन मागे ढकलले. चाचणी संपल्यावर तुलनेच्या गटालाही समुपदेशन द्यायचं, असं मंजुरीच्या कागदात लिहिलं होतं. मी यादी काढून दिली होती, त्यांचं नाव अकरावं होतं. सातव्या नावापर्यंत पैसे पुरले.

शून्य_गृहीतक

तो कागद अजून असेल तुमच्याकडे तर मंजुरी देणाऱ्या समितीला पत्र लिहिता येतं. मुदत नसते त्याला. मसुदा करायला मी बसतो.

कडेकडेने

आहे. शोधते आज.